इंजिनाला पाणी पाजताना

पावसाळ्यात रस्त्यावर पाणी तुंबलं की गाडीवाल्यांना एक ताकीद हमखास दिली जाते : गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. २६ जुलै २००५ च्या पावसात मुंबईत ज्यांच्या गाड्या बुडाल्या, त्यांना या ताकिदीचा अर्थ समजावून सांगायला नको. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असताना पिस्टन वर जाऊ लागला, तर पाणी तसूभरही मागे हटत नाही. मग वाकतो तो पिस्टनला जोडलेला दांडा, आणि इंजिन कामातून जातं. पाणी आणि इंजिन यांचं हाडवैर आहे, ही समजूत आपल्या मनात पक्की बसली आहे ती यामुळेच.

आणि तरीही २०१६ साली बीएमडब्ल्यू कंपनीची ‘एम ४ जीटीएस’ ही गाडी बाजारात आली, तेव्हा तिच्या डिकीत ५ लिटरची पाण्याची टाकी होती. ते पाणी काच धुण्यासाठी नव्हतं, रेडिएटरसाठीही नव्हतं. ते थेट इंजिनाच्या हवेत फवारण्यासाठी होतं. टर्बो बसवलेल्या या सहा सिलिंडरच्या इंजिनाची ताकद त्यामुळे ४३१ अश्वशक्तीवरून ५०० वर गेली. ज्या पाण्याने इंजिन मरतं, त्याच पाण्याने इंजिन बळकट कसं होतं? याचं उत्तर पाण्यात जेवढं आहे, त्याहून अधिक ते पाणी ढकलणाऱ्या पंपाच्या दाबात आहे. आज बोलायचं आहे ते या दाबाबद्दल.

तापलेली हवा आणि थोडं पाणी

आधी टर्बो म्हणजे काय ते पाहू. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरात बरंच बळ शिल्लक असतं. त्या बळावर एक छोटं चक्र फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबायची, हे टर्बोचं काम. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त जाळता येतं, म्हणून ताकद जास्त. पण हवा दाबली की ती तापते. सायकलला हवा भरताना पंपाचं खालचं टोक हाताला गरम लागतं, ते ज्यांनी अनुभवलं आहे त्यांना हे पटेल. टर्बोने हवेचा दाब दुप्पट केला, तर ३० अंशांची हवा बघता बघता १०० अंशांच्या पुढे जाते. ती गार करण्यासाठी गाडीच्या तोंडाशी ‘इंटरकूलर’ नावाची जाळी असते, पण भर उन्हात, चढावर, पूर्ण वेगात तिचीही दमछाक होते.

हवा तापलेली असली की इंजिनात एक जुना रोग बळावतो. गॅरेजमध्ये त्याला ‘नॉकिंग’ म्हणतात. नेहमीचा क्रम असा, की प्लगची ठिणगी पडते, ज्योत एका जागी लागते आणि तिथून सिलिंडरभर पसरत जाते. पण उष्णता आणि दाब वाजवीपेक्षा वाढले, तर ज्योत पोहोचायच्या आधीच कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण आपोआप पेटतं. तो जळण्याचा प्रकार नसतो, तो स्फोट असतो. पत्र्यावर खडे आपटावेत तसा आवाज येतो. जोरात चालणाऱ्या टर्बो इंजिनात हे काही क्षण जरी राहिलं, तरी पिस्टनची कड तुटू शकते, डोक्याला भोक पडू शकतं.

यावर नेहमीचे उपाय तीन. टर्बोचा दाब कमी करायचा, ठिणगी थोडी उशिरा पाडायची, किंवा गरजेपेक्षा जास्त पेट्रोल सोडायचं आणि त्याच्या बाष्पीभवनाने आतली उष्णता उतरवायची. पहिल्या दोन उपायांत ताकद जाते, तिसऱ्यात पैसा. पेट्रोल जाळण्यासाठी नव्हे तर गारव्यासाठी ओतायचं, हा मोठाच उधळेपणा. म्हणून चौथा उपाय : पाणी.

पाणी गारवा देतं ते थंड असतं म्हणून नव्हे, त्याची वाफ होते म्हणून. माठ पाझरतो म्हणूनच आतलं पाणी गार होतं. उन्हाळ्यात वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारलं की खोलीत येणारी झुळूक सुखावते, तेही यामुळेच. एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे २२५० किलोज्यूल उष्णता लागते. एक किलो पेट्रोलला लागते साधारण ३५०. म्हणजे तेवढ्याच वजनाचं पाणी पेट्रोलच्या सहापटीहून जास्त उष्णता शोषून घेतं. बॉश कंपनीने ही यंत्रणा पुढे आणली तेव्हा १३ टक्क्यांपर्यंत इंधन वाचू शकतं असा दावा केला होता. तो अर्थात त्या कंपनीचा, आणि जोरात गाडी चालवतानाचा. पण दिशा त्यातून कळते.

पाणी लागतं किती? जोरावर चालणाऱ्या इंजिनात पेट्रोलच्या वजनाच्या साधारण १० ते २० टक्के. यापेक्षा कमी गेलं तर नॉकिंग थांबत नाही. फार जास्त गेलं तर ज्योतच विझू लागते आणि गाडी अडखळते. थोडक्यात, जागा अरुंद आहे. त्या अरुंद जागेत पाण्याला धरून ठेवणं, हे पंपाच्या दाबाचं नियमन.

फवारा की धार

आमच्या लहानपणी इस्त्रीवाला तोंडात पाणी धरून कपड्यावर ‘फुर्र’ करून उडवायचा. धुक्यासारखं पाणी सगळीकडे सारखं बसायचं. तेच पाणी तांब्यातून ओतलं असतं तर एका जागी ओल आणि बाकी कपडा कोरडा. इंजिनातही असंच आहे. पाण्याचे थेंब बारीक असतील तर ते हवेबरोबर वाहत जातात, चटकन वाफ होतात, सगळ्या सिलिंडरमध्ये सारखे पोहोचतात. थेंब मोठे असतील तर ते वळणावर भिंतीला आपटतात, ओघळतात, आणि एखाद्या सिलिंडरला जास्त पाणी जातं तर शेजारच्याला काहीच नाही.

शेतकरी वाचकांना हे मी सांगायची गरज नाही. पाठीवरच्या फवारणी पंपाचा दांडा हाताने मारत राहिलं की नोझलमधून छान पंखा पडतो. हात थांबला, दाब उतरला, की पंख्याची धार होते आणि धारेचे थेंब. नोझल तेच, औषध तेच, फक्त दाब गेलेला. गाडीतल्या नोझलचं भोक तर मिलिमीटरहूनही बारीक असतं. त्यातून धुकं काढायचं तर मागे चांगला दाब हवा. बहुतेक यंत्रणांत तो ५ ते १० बारच्या आसपास असतो.

बार म्हणजे काय, ते घरातल्या वस्तूंवरून सांगतो. दहा मीटर उंचीवर टाकी असेल तर खालच्या नळाला सुमारे १ बार दाब मिळतो. टायरमध्ये आपण ३२ पौंड हवा भरतो, ती सुमारे २.२ बार. स्वयंपाकघरातला कुकर बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १ बार जास्त दाबावर शिजवतो. तेव्हा १० बार ही काही राक्षसी गोष्ट नाही, पण घरच्या नळाच्या मानाने बरीच मोठी आहे.

हा दाब तयार करायला ‘डायफ्रॅम पंप’ वापरतात. नाव मोठं, वस्तू ओळखीची. घरातल्या आरओ फिल्टरमध्ये जो गुरगुरतो, त्याच जातीचा हा पंप. आत रबराचा पडदा असतो. मोटर त्याला आतबाहेर हलवते. पडदा मागे गेला की पाणी ओढलं जातं, पुढे आला की ढकललं जातं. या पंपावर बहुधा दाबाने चालणारं एक बटण असतं. ठरलेल्या दाबाला ते मोटर बंद करतं, दाब उतरला की पुन्हा चालू करतं. आरओसाठी हे उत्तम. गाडीसाठी मात्र इथूनच अडचणी सुरू होतात.

तीन अडचणी

पहिली अडचण त्या बटणाचीच. समजा बटण ७ बारला मोटर बंद करतं आणि दाब ५ वर आला की चालू करतं. नोझल लहान असेल तर पंप क्षणात ७ गाठतो, बंद पडतो, दाब घसरतो, पुन्हा चालू. टकटक-टकटक असा आवाज येत राहतो आणि फवारा हेलकावे खातो. इंजिनाला पाणी हवंय एकसारखं आणि त्याला मिळतंय उचक्या लागल्यासारखं.

यावरचा उपाय कुकरने आपल्याला केव्हाच शिकवलेला आहे. कुकरची शिट्टी म्हणजे काय? एक ठरावीक वजन. आतला दाब त्या वजनाहून वाढला की शिट्टी उचलली जाते आणि जादा वाफ बाहेर जाते. गॅस मोठा असला तरी दाब तेवढाच राहतो. पाण्याच्या पंपालाही अशी शिट्टी बसवतात, फक्त वजनाऐवजी स्प्रिंग असते, आणि जादा पाणी बाहेर न सांडता टाकीत किंवा पंपाच्या तोंडाशी परत जातं. याला ‘बायपास’ म्हणतात. स्क्रू आत फिरवला की स्प्रिंग आवळते आणि दाब वाढतो, बाहेर फिरवला की उतरतो. पथ्य एकच : बायपासचा दाब बटणाच्या दाबापेक्षा खाली ठेवायचा. म्हणजे मोटर बंद पडण्याची वेळच येत नाही, ती एका लयीत चालत राहते. उरलेले बारीक हेलकावे मोडायला मध्ये एक छोटं भांडं बसवतात, ज्यात रबरी पिशवीच्या एका बाजूला हवा आणि दुसऱ्या बाजूला पाणी असतं. सोसायट्यांच्या गच्चीवर प्रेशर पंपाला जोडलेली टाकी असते, तिचंच हे लहान भावंडं.

दुसरी अडचण जास्त फसवी आहे. माझा भाचा मिरजेत गॅरेज चालवतो. मी त्याच्याकडे बसलो होतो, समोरच्या गेजवर काटा ७ वर होता. मी म्हणालो, ‘‘अरे, सातचा दाब आहे की, मग काय पाहिजे?’’ तो म्हणाला, ‘‘मामू, दाब किती हा अर्धाच प्रश्न झाला. कुणाविरुद्ध किती, ते विचारा.’’

त्याचं म्हणणं असं. नोझल उघड्या हवेत सोडलेलं नाही. ते टर्बोने दाबलेल्या हवेत तोंड काढून बसलेलं आहे. ती हवा पाण्याला उलट ढकलत असते. पाणी वाहतं ते पंपाच्या दाबाने नव्हे, पंपाचा दाब आणि समोरच्या हवेचा दाब यांच्यातल्या फरकाने. पंप ७ बारला धरलेला आहे आणि टर्बोचा दाब शून्य आहे, तर फरक ७. आता पाय दाबला, टर्बोने १.५ बार दाब चढवला, तर फरक उरला ५.५. म्हणजे ज्या क्षणी इंजिनाला पाण्याची सर्वांत जास्त गरज, नेमक्या त्याच क्षणी पाणी सुमारे ११ टक्के कमी. आणि स्वस्तातला पंप लावून दाब ३ बारच ठेवला असेल, तर फरक निम्म्यावर येतो आणि पाणी सुमारे २९ टक्क्यांनी घटतं. गेजवरचा काटा मात्र जागचा हलत नाही. तो खोटं बोलत नाही, पण अर्धं सत्य सांगतो.

याचा तोड फार सुंदर आहे. बायपासच्या स्प्रिंगमागे एक बंद खोली करायची आणि इंजिनाच्या हवेच्या मार्गातून एक बारीक नळी आणून त्या खोलीत सोडायची. टर्बोचा दाब वाढला की तोच दाब स्प्रिंगच्या मदतीला येऊन उभा राहतो. समोरची हवा १.५ बारने वाढली, तर पाण्याचा दाबही आपोआप १.५ ने वाढतो. फरक जिथल्या तिथे. ना संगणक, ना वायर, फक्त एक नळी आणि एक रबरी पडदा. पेट्रोल इंजेक्शनच्या गाड्यांत पेट्रोलचा दाब सांभाळायला ही युक्ती कित्येक वर्षं वापरली गेली, तीच इथे पाण्यासाठी. अर्थात पंपात तेवढी ताकद शिल्लक असली पाहिजे. सातच बार देऊ शकणाऱ्या पंपाकडून साडेआठची अपेक्षा कोणतीही नळी पुरी करू शकत नाही.

वर्गमूळाची भेट

तिसरी अडचण गणिताची. मी बी.ए. झालेला माणूस, शाळा सुटल्यावर वर्गमूळाची आणि माझी गाठ पडली नव्हती, ती या नोझलपाशी पडली. नोझलमधून जाणारं पाणी दाबाच्या फरकाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढतं. सोप्या भाषेत, पाणी दुप्पट हवं तर दाब चौपट करावा लागतो. तिप्पट हवं तर नऊपट.

आता बघा, गाडी हळू असताना आणि पूर्ण वेगात असताना इंजिन ओढत असलेल्या हवेत तिप्पट-चौपट फरक सहज पडतो. पाणीही त्याच प्रमाणात कमी-जास्त व्हायला हवं. बऱ्याच यंत्रणांत हे काम पंपाची मोटर हळू-जोरात फिरवून करतात. ऐकायला बरोबर वाटतं. पण हिशेब करा. पूर्ण वेगात फरक १० बार आहे आणि हळू असताना पाणी चौथा हिस्सा हवं आहे, तर फरक सोळावा हिस्सा, म्हणजे जेमतेम ०.६ बार ठेवावा लागेल. एवढ्या दाबावर नोझल धुकं सोडत नाही, ठिबकतं. थेंब जाडे, वाफ अपुरी. म्हणजे पाण्याचं माप बरोबर आलं, पण पाणी कामाचं राहिलं नाही. पंप हळू फिरवून पाणी निम्म्यावर आणता येतं, त्याच्या खाली गेलं की फवाऱ्याचा दर्जा ढासळतो.

म्हणून चांगल्या यंत्रणेत काम वाटून दिलेलं असतं. पंपाने दाब एकसारखा राखायचा, एवढंच त्याचं काम. पाणी मोजायचं काम एका जलद उघडझाप करणाऱ्या व्हॉल्व्हकडे. तो सेकंदाला कित्येकदा उघडतो आणि मिटतो. थोडं पाणी हवं तर थोडा वेळ उघडा, जास्त हवं तर जास्त वेळ. प्रत्येक वेळी उघडला की मागे दाब पुरेपूर, त्यामुळे थेंब कायम बारीक. बीएमडब्ल्यूच्या त्या गाडीत हेच आहे. पंप पाणी सुमारे १० बारला धरतो आणि तीन व्हॉल्व्ह ते हवेत सोडतात. किती सोडायचं ते इंजिनाचा वेग, त्याच्यावरचा भार आणि तापमान पाहून ठरतं.

इंजिनाच्या बाजूलाच झडप असण्याचं आणखी एक कारण आहे. टाकी डिकीत, नोझल बॉनेटखाली, मध्ये चार-पाच मीटर नळी. पंप बंद केला तरी नळीतला दाब लगेच उतरत नाही, नोझल झिरपत राहतं. शिवाय ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंजिनाच्या हवेच्या मार्गात दाबाऐवजी ओढ तयार होते आणि ती टाकीतलं पाणी चूषण-नळीसारखं खेचू शकते. टाकी नोझलपेक्षा उंचावर असेल तर मग विचारायलाच नको. गाडी उभी आहे, आपण घरात झोपलो आहोत आणि पाणी थेंब थेंब इंजिनात उतरतं आहे. सकाळी स्टार्टर मारला की तुंबलेल्या रस्त्यावर होतं तेच घराच्या दारात होणार. हे टाळायला नोझलजवळ पक्की मिटणारी झडप हवी. बीएमडब्ल्यूने तर त्या गाडीत आणखी एक सोय केली : इंजिन बंद झालं की नळ्यांतलं पाणी टाकीत परत ओढून घेतलं जातं, म्हणजे थंडीत ते नळीत गोठत नाही.

विसरभोळ्या मालकांची गोष्ट

इंजिनात पाणी फवारण्याची कल्पना मुळात नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या काही लढाऊ विमानांच्या इंजिनांत पाणी फवारत, आणि जर्मन विमानांत निम्मं पाणी व निम्मं मिथेनॉल यांचं मिश्रण वापरत. उड्डाणाच्या ऐन निकराच्या क्षणी काही मिनिटांपुरती जादा ताकद मिळावी म्हणून. तिथे वैमानिकाचा जीवच पणाला लागलेला असायचा, त्यामुळे टाकी भरायला कुणी विसरत नसे.

रस्त्यावरच्या गाडीची गोष्ट निराळी. १९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबिल कंपनीने ‘जेटफायर’ नावाची गाडी काढली. जगातल्या पहिल्या टर्बो मोटारींपैकी ही एक. ३.५ लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन, ताकद २१५ अश्वशक्ती. नॉकिंग टाळायला तिच्यात शुद्ध पाणी, मिथेनॉल आणि गंज न धरू देणारं एक द्रव्य यांचं मिश्रण सोडलं जाई. कंपनीने त्याचं नावही झोकदार ठेवलं होतं, ‘टर्बो-रॉकेट फ्लुइड’. यात वेगळा पंपच नव्हता. टर्बोचाच दाब बाटलीवर आणून त्या जोरावर मिश्रण पुढे ढकललं जाई. टर्बो जोरात, तर पाणीही जोरात. दाबाचा प्रश्न इंजिनियरांनी हुशारीने सोडवला होता. बाटली रिकामी झाली तर टर्बोचा दाब आपोआप रोखणारी पट्टीही त्यांनी ठेवली होती.

पण बाटली भरायची कुणी? मालकांना पेट्रोल भरायची सवय होती, हे नवं पाणी भरायची नव्हती. लोक विसरत. गाडी मंद पडे. मग तक्रारी. दोन वर्षांत दहा हजारांच्या आतच गाड्या बनल्या आणि प्रकरण गुंडाळलं गेलं. पुढे कंपनीने पुष्कळ गाड्यांवरचा टर्बो काढून साधा कार्बुरेटर बसवून दिला.

जेटफायरने एक गोष्ट मात्र बरोबर केली होती, आणि ती मला सर्वांत मोलाची वाटते. पाणी संपलं तर इंजिन मंद व्हायचं, मरायचं नाही. बीएमडब्ल्यूच्या गाडीतही टाकी रिकामी झाली की टर्बोचा दाब आणि ठिणगीची वेळ आपोआप सावधगिरीच्या मापावर येतात. कारण उघड आहे. पाण्याच्या भरवशावर आपण टर्बोचा दाब वाढवलेला असतो. तो भरवसा तुटला आणि टर्बोला ते कळलंच नाही, तर पाण्याची यंत्रणा नसलेली गाडी परवडली.

आता ते कळायचं कसं? इथे दाबाचा काटा एकटा पुरत नाही. नोझल क्षाराने तुंबलं, तर दाब उत्तम दिसतो, किंबहुना वाढलेला दिसतो, आणि पाणी मात्र जात नाही. नळी निसटली, तर पाणी भरपूर वाहतं, पण दाब नाही आणि इंजिनात थेंब नाही. टाकी रिकामी झाली, तर दोन्ही नाहीत. म्हणून दाब मोजणारा एक आणि प्रवाह मोजणारा एक, असे दोन साक्षीदार हवेत. दोघांची साक्ष जुळली तरच यंत्रणा ठीक. एकाची जरी साक्ष फिरली, तरी क्षणार्धात टर्बोचा दाब खाली यायला हवा. ड्रायव्हरने दिवा पाहून पाय काढेपर्यंत नॉकिंगला फार वेळ मिळतो.

आपल्या रस्त्यांवर

हे सगळं आज सांगायचं कारण, आपल्याकडेही लहान टर्बो पेट्रोल गाड्या आता घरोघरी दिसतात. हौशी तरुण त्यांची ताकद वाढवून घेतात आणि त्याबरोबर पाणी फवारण्याचे संचही बसवून घेतात. त्यांना आणि त्यांच्या आईवडिलांनाही चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

एक, पाणी शुद्धच हवं. बॅटरीत घालतात तसं डिस्टिल्ड. आपल्या बोअरचं पाणी तापवल्यावर भांड्याला जो पांढरा थर देतं, तो थर मिलिमीटरहून बारीक भोकाला काय करेल ते वेगळं सांगायला नको. टाकी आणि पंपाच्या मध्ये गाळणीही हवी.

दोन, दाब लावून देणाऱ्याला विचारा, की टर्बोचा दाब चढल्यावर फरक किती उरतो? आणि पाणी प्रत्यक्ष मोजून घ्या. माझा भाचा नोझल मापाच्या भांड्यात धरतो, मिनिटभर पंप चालवतो आणि किती मिलिलिटर जमलं ते लिहून ठेवतो. दाब चौथ्या हिश्शावर आणला की पाणी निम्म्यावर यायला हवं. तसं आलं नाही, तर गेज, नोझल किंवा नळी यांपैकी कुणीतरी दगा देत आहे. कोरड्या नोझलवर, बंद तोंडाने लावलेला दाब खरा नसतो. पाणी वाहत असतानाच काटा वाचायचा.

तीन, पाणी थांबलं तर टर्बोला कोण आवरणार, हे आधी ठरलेलं हवं. या प्रश्नाला ‘‘काही होत नाही हो’’ असं उत्तर मिळालं, तर तिथे गाडी सोडू नका.

चार, काही लोक पाण्यात मिथेनॉल मिसळतात. त्याने गोठणं टळतं, ज्वलनालाही मदत होते. पण मिथेनॉल विष आहे. २०१५ च्या जूनमध्ये मालवणीच्या विषारी दारूने मुंबईत शंभरहून अधिक माणसं गेली, ती मिथेनॉलनेच. दिसायला ते पाण्यासारखंच असतं. ते पिण्याच्या बाटलीत भरून घरात ठेवण्याचा अविचार कुणीही करू नये. शिवाय कंपनीने दिलेल्या गाडीत मूलभूत फेरफार करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाची बंधनं आहेत, तीही माहीत असावीत. शर्यतीच्या बंद मैदानावर जे चालतं, ते पुणे-बंगळूर रस्त्यावर चालेलच असं नाही.

मराठीत आपण एखाद्याचं ‘पाणी जोखतो’. या यंत्रणेतही पाणी जोखूनच सोडावं लागतं. पंपावर मोठा आकडा लिहिलेला आहे म्हणून यंत्रणा चांगली ठरत नाही. समोरून हवा रेटत असताना ती फरक राखते का, हळू चालतानाही तिचा फवारा धुकंच राहतो का, आणि पाणी थांबलं तर टर्बोला थांबवते का, या तीन प्रश्नांना ‘हो’ असं उत्तर मिळालं, तर इंजिनाला पाणी खुशाल पाजावं. एकाही प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल, तर टर्बोचा दाब कंपनीने ठेवला आहे तेवढाच राहू द्यावा. गाडी थोडी हळू पळेल, पण वर्षानुवर्षं पळेल.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)